सपाट केलेला उतार

गवतवाली शहरातल्या बैठकीहून परतली ती घरी न जाता थेट खाणीवर गेली. पिशवी तशीच खांद्याला लावून ती चढण चढली. बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीशेजारी दगडांचा जो प्रचंड ढिगारा उभा होता, त्याच्या मागच्या उताराला ती कित्येक महिने तान्ह्या पोरासारखी जपत होती. वळणावर आली आणि तिचे पाय थबकले.

उतार सपाट झाला होता.

नुसता सपाट नाही, गुळगुळीत. इस्त्री केलेल्या चादरीसारखा. जिथे खड्डे होते, उंचवटे होते, माती आणि दगडांची सरमिसळ होती, तिथे आता वरपासून खालपर्यंत एकही सुरकुती दिसत नव्हती. पायथ्याशी पिवळा बुलडोझर उभा होता आणि त्याच्या पायरीवर बसून तिचा धाकटा दीर डबा खात होता.

"वहिनी!" तो घास गिळत उठला. "आलात पण? मला वाटलं उद्या येणार. बघा, कसं झालंय! मी रजेवरून येऊन बघतो तर काय, सगळं उकरून ठेवलेलं. डुकरं लोळल्यासारखं. म्हटलं, वहिनींनी हे बघितलं तर त्यांना काय वाटेल? सुट्टीच्या दिवशीही मशीन चालवलं, एकट्याने. कुणाला हात लावू दिला नाही."

ती वाकली आणि तिने त्या गुळगुळीत मातीवरून हात फिरवला.

"नाही आवडलं?"

"भावजी," ती कशीबशी म्हणाली, "ते मीच उकरून घेतलं होतं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. कुठे जावं हे न कळल्यासारखं तिथेच रेंगाळलं.

"आणि त्यात बी पेरलं होतं. होतं नव्हतं ते सगळं."

खाणीवर तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे गवतवाली. या ढिगाऱ्याचा बंदोबस्त करायला कंपनीने तिला नेमलं होतं. ढिगारा साधासुधा नव्हता. त्याच्या पोटातल्या दगडांना पाणी लागलं की गंजाच्या रंगाचं आंबट पाणी सुटायचं, ते खालच्या ओढ्यात उतरायचं आणि ओढा पुढे वस्तीकडे जायचा. त्या कोरड्या मुलखात पाऊस नावालाच, पण आला की एकदम कोसळायचा. गवतवालीचं म्हणणं सोपं होतं. ढिगाऱ्यावर मातीचं जाड पांघरूण घालायचं. आलेला पाऊस त्या मातीने धरून ठेवायचा आणि खोल मुळांच्या झुडपांनी तो पुढच्या कोरड्या महिन्यांत पिऊन हवेत सोडून द्यायचा. पाणी पोटापर्यंत पोचलंच नाही, तर आंबट होणार कसं? फक्त माती ओबडधोबड हवी, म्हणजे पाणी घसरून न जाता जागोजाग थांबेल. आणि झुडपं इथलीच हवीत, तहानेची सवय असलेली.

एवढं साधं काम, पण तिच्या नाकी नऊ आले होते. पहिल्या वर्षी खाणीच्या साहेबांनी तिला न विचारता बागेतलं नाजूक गवत पेरलं आणि वर फवारे लावले. फवारे बंद झाले तसं गवत वाळून उडून गेलं. दुसऱ्या वर्षी कंत्राटदाराने मातीचा थर इतका पातळ घातला की झुडपांची मुळं दोन बोटं खाली जाऊन दगडावर आपटली. या वर्षी कुठे सगळं जुळून आलं होतं. माती जाड पडली. पलीकडच्या रानातल्या झुडपांचं बी तिने आणि सासूबाईंनी मिळून गोळा केलं. सासूबाई अंगणात चाळणी घेऊन बसायच्या, काटेरी बोंडं चोळून बी वेगळं करायच्या आणि बोटं सोलली की साऱ्या झाडांच्या कुळाचा उद्धार करायच्या. दीर तेवढ्यात बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीला गेला होता. त्यामुळे उतार उकरायचं काम पडलं दुसऱ्या ड्रायव्हरकडे. त्याला सगळे वाकड्या म्हणत, कारण त्याने कधी एक रेघ सरळ मारली नव्हती.

आणि दिराला वाटलं, वाकड्याने वहिनीचं काम नासवलं.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नवरा दूरच्या बंदरावर नोकरीला, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं. टेबलाशी तिघंच.

"काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं. "दोघांची तोंडं अशी काय?"

"काही नाही, आई," गवतवाली म्हणाली.

"माझ्या हातून चूक झाली," दीर ताटात बघत म्हणाला. "वहिनींचा उतार मी सपाट केला."

"मग? तुझं कामच ते."

"त्यात बी होतं."

सासूबाईंचा हात हवेतच राहिला. "कुठलं बी? मी निवडलेलं?"

दिराने होकारार्थी मान हलवली.

"अरे, म्हणजे माझी बोटं सोलली ती फुकट? चाळणी चाळून चाळून माझा खांदा गेला, आणि तू ते मातीत गाडून आलास?"

"मातीतच घालायचं असतं ना ते!" दीर उसळला. "मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं मी जागा तयार करायची, मग वहिनी पेरणार. आजवर मला प्रत्येक साहेबाने एकच शिकवलंय. सपाट कर. सपाट केलं की शाबासकी, खड्डा राहिला की शिव्या. आणि आता एकाएकी खड्डे पाहिजेत, तर ते मी स्वप्नात बघायचं?"

"मी साहेबांना सांगून गेले होते," गवतवाली म्हणाली. तिचा आवाज नको तितका चढला. "स्पष्ट सांगितलं होतं, मागच्या उताराला कुणी हात लावायचा नाही."

"साहेबांनी मला उलट चहा पाजला. म्हणाले, वा, आता कसं दिसतंय!"

ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेब टेबलावर नव्हते. समोर दीर होता. म्हणून ती त्यालाच म्हणाली, "निदान एक फोन करायचा होता."

"तुम्ही करायचा होता," तो म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला.

त्यानंतर तो बरेच दिवस त्यांच्याबरोबर जेवायला बसला नाही.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांची खोली थंडगार, टेबलावर काचेखाली बदलीच्या ठिकाणांचे जुने फोटो. गवतवाली तावातावाने बोलत होती तेव्हा ते मान हलवत होते. त्यांचं मान हलवणं म्हणजे होकार नसतो, हे तिला आता कळून चुकलं होतं.

"मॅडम, तुमचं म्हणणं पटतं मला. पण पुढच्या महिन्यात पाहणी समिती येतेय. त्यांना मी काय दाखवू? खड्डे?"

"खड्डेच दाखवा. मी समजावून सांगेन."

"ते गाडीतून उतरतात, दहा पावलं चालतात आणि परत गाडीत बसतात. दहा पावलांत समजेल असं काहीतरी पाहिजे. हिरवं." त्यांनी हात पसरले. "रस्त्याकडच्या बाजूला आपण गवताच्या तयार चटया अंथरू. तुम्ही मागची बाजू घ्या. तिकडे काय हवे ते प्रयोग करा."

"प्रयोग नाही हा, साहेब. आणि चटयांची मुळं बोटभर असतात. खाली माती गुळगुळीत आहे. जोराचा पाऊस आला की सगळी चटई घसरगुंडीवरून खाली येईल."

"पाऊस!" साहेब हसले. "इथे? मॅडम, तुमच्या तोंडात साखर पडो."

ती बाहेर आली आणि व्हरांड्यात उगाच उभी राहिली. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं, पण भिंतीला नुकताच रंग दिला होता. समिती यायची होती ना.

दीर बोलायला आला तो एका सकाळी, ती गाडीत बसत असताना. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ते तुम्हाला नेमकं कसं पाहिजे, ते एकदा दाखवा तरी."

ती त्याला पलीकडच्या रानात घेऊन गेली. तिथे कधी खाण झाली नव्हती. राखाडी झुडपं दगडांच्या आडोशाने उभी, मध्ये झुबक्याझुबक्याने वाढलेलं वाळकं गवत. पहिल्या नजरेला सगळं मेलेलंच वाटावं. तिने एका झुडपाच्या बुडाशी कुदळ चालवली. हातभर खाली गेल्यावर माती हातात घेऊन त्याच्या तळव्यावर ठेवली.

"गार आहे," तो म्हणाला.

"मागच्या पावसाचं पाणी. अजून टिकलंय. झुडूप ते हळूहळू पितंय. आता इकडे बघा." तिने शेजारच्या उघड्या, वाहून चोपडी झालेल्या जागेवर कुदळ मारली. कुदळ खणकन उडाली. "इथे थांबलंच नाही."

त्याने त्या झुडपाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "हे बघून तर मला वाटतंय, मशीन आणून आधी हेच नीट करावं."

ती हसली नाही. पण त्या दिवसापासून राग थोडा उतरला.

मागचा उतार पुन्हा उकरायला घेतला. दीर स्वतःहून मशीनवर बसला, आणि दुपारी तिने जाऊन बघितलं तर कपाळावर हात मारून घेतला. खड्डे होते. पण एका मापाचे, एका अंतराचे, ओळीत. अंड्यांच्या ट्रेसारखे.

"भावजी, हे काय?"

"खड्डे."

"अहो, असे नाही! ओळीत केले की पाणी ओळीने वाहतं. वरची कड फुटली की सगळी रांग फुटते. कसेही करा, वाकडेतिकडे."

"करतोय की वाकडे." त्याने पुन्हा केले. पुन्हा ओळ. त्याचे हातच तसे होते. दांड्यावर पडले की सरळ रेघ आपोआप निघायची. तिसऱ्यांदा तो स्वतःच वैतागला, खाली उतरला, टोपी काढून मातीत आपटली. "नाही जमत मला. मला घाण काम येतच नाही!"

शेवटी वाकड्याला बोलावलं. तो शिट्टी वाजवत आला, पान खाल्ल्यासारखा हसला आणि मशीनवर चढला. संध्याकाळपर्यंत त्याने उताराचा असा काही विचका करून ठेवला की गवतवालीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. एक खड्डा दुसऱ्यासारखा नाही. कुठे दगड वर, कुठे माती वर.

"अगदी असंच," ती म्हणाली. "सुंदर!"

"मॅडम, परत म्हणा," वाकड्या म्हणाला. "याला नीट ऐकू गेलं नसेल."

दीर दातओठ खात बाजूला उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो वाकड्यापुढे हरला होता आणि कशात हरला हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पण पेरायला बी नव्हतं. हंगाम संपला होता. झुडपांना पुन्हा बोंडं धरेपर्यंत थांबणं भाग होतं. उतार तयार आणि हात रिकामे, असे दिवस सुरू झाले.

समिती आली. साहेबांनी रस्त्याकडच्या बाजूला अंथरलेली हिरवी चटई उन्हात चमकत होती आणि तिला पाणी पाजणारा टँकरवाला मागच्या मागे पसार झाला होता. पाहुणे गाडीतून उतरले. साहेब म्हणाले होते तसेच, थोडंसं चालले. एका बाईंनी वाकून गवताला हात लावला आणि "किती छान!" म्हणाल्या. गवतवाली पुढे झाली, "मागची बाजू बघायची असेल तर..." एवढं ती म्हणेपर्यंत साहेबांनी त्यांना चहाकडे वळवलं होतं. निघताना प्रमुखांनी तिच्याशी हात मिळवला. "तुमचंच ना हे काम? उत्तम!" ती नाही म्हणणार होती, पण तोवर गाडीचं दार लागलं होतं.

मग पाऊस आला. दुपारी आभाळ काळं झालं आणि तासभर असा काही कोसळला की ऑफिसच्या पत्र्यावर कुणाचं बोलणं ऐकू येईना. थांबला तेव्हा फाटकावरचा माणूस धावत आला. रस्ता बंद झाला होता. गवताची अख्खी चटई मातीसकट घसरून रस्त्यावर गुंडाळून पडली होती आणि तिच्या जागी ढिगाऱ्याचा उघडा, पिवळसर दगड दिसत होता. त्यावरून तांबडं पाणी ओघळत ओढ्याकडे निघालं होतं.

साहेब छत्री धरून उभे होते. "अतिवृष्टी," ते म्हणाले. "याला कोण काय करणार?"

"मी सांगितलं होतं," हे शब्द गवतवालीच्या अगदी जिभेवर आले. पण ओढ्याकडे जाणारं ते पाणी बघून तिला त्या शब्दांचीच किळस आली. ती चिखल तुडवत मागच्या बाजूला गेली. तिथे वाकड्याच्या प्रत्येक खड्ड्यात पाणी साचलं होतं. माती जागची हलली नव्हती. क्षणभर तिला हायसं वाटलं. पण काही दिवसांनी खोलवर पुरलेल्या नळीतून तिने ओल मोजली, तेव्हा ते समाधानही संपलं. पाणी धरून ठेवलं होतं खरं, पण ते प्यायला एकही झुडूप नव्हतं. ओल हळूहळू खाली उतरत होती, दगडांकडे. अर्धं काम म्हणजे न केलेलंच काम.

"म्हणजे माझ्यामुळेच," दीर म्हणाला. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. "ते बी असतं तर एव्हाना उगवलं असतं."

ती खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली. "काही तरी नक्की उगवलं असतं."

त्याने मान डोलावली.

त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. वरून विचारणा झाली होती, रस्त्याकडची बाजू पुन्हा हिरवी करायची होती आणि त्यासाठी माती कमी पडत होती. मागच्या बाजूची माती ओढून पुढे आण, असा हुकूम झाला. दीर म्हणाला, नाही आणणार. साहेबांनी पुन्हा सांगितलं. त्याने मशीनची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो बाहेर पडला.

गवतवालीला हे कळलं तेव्हा तो फाटकावर बसला होता. शिक्षा म्हणून त्याला तिथे नेमलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांसाठी आडवा बांबू वर करायला आणि खाली करायला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा शहाणपणा करायला?" ती कडाडली. "मी भांडले असते ना त्यांच्याशी!"

"तुम्ही नेहमीच भांडता, वहिनी. त्याने काय होतं?"

तिला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. कारण ते खरं होतं. पण माती तिथून हलली नाही हेही खरं होतं. वाकड्यानेही आयत्या वेळी पोटदुखीचं निमित्त सांगून तोंड लपवलं होतं आणि तिसरा ड्रायव्हर खाणीत नव्हता.

बोंडं पुन्हा धरली तेव्हा सगळं घर रानात गेलं. सासूबाई जाड हातमोजे घालून, दिराची बायको बाळाला पाठीशी बांधून, दीर सुट्टीच्या दिवशी. बाळ रडायचं, सासूबाई काट्यांना शिव्या द्यायच्या, उन्हात सगळ्यांची डोकी तापायची आणि कुणी ना कुणी कुणावर तरी खेकसायचंच. तरी पोती भरत गेली. पेरणी झाली. पुढच्या पावसानंतर खड्ड्यांच्या सावलीच्या बाजूला बारीक राखाडी रोपं दिसू लागली. दाट नाही. कित्येक खड्डे रिकामेच राहिले. सशांनीही बरीच खाल्ली. पण होती.

तिने साहेबांना ओढून नेऊन दाखवलं.

साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "कुठे?"

"हे काय, तुमच्या बुटापाशी."

"हे? मला वाटलं वाळलेलं काहीतरी उडून आलंय." ते सरळ झाले. "हिरवं नाही हो हे."

"हिरवं होणारच नाही. राखाडीच असतं. म्हणून तर जगतं."

ते बूट झटकत गाडीकडे वळले. त्या उन्हाळ्यात मात्र गावाला पाणी पुरेना. खाणीचे टँकर बंद झाले आणि पुढच्या बाजूला बाहेरून माती आणून नव्याने अंथरलेली चटई बघता बघता तपकिरी पडली. मग एक दिवस साहेबांनी गवतवालीला खोलीत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली.

"मॅडम, तुमच्या त्या राखाडीला पाणी लागत नाही ना?"

"नाही."

"मग पुढच्या बाजूला तेच लावून टाका. महिनाभरात."

ज्या वाक्याची तिने तीन वर्षं वाट पाहिली होती, ते हे असं तिच्या हातात पडलं. मुळांसाठी नाही, ओलीसाठी नाही, ओढ्यासाठीही नाही. टँकर नाही म्हणून. तिला हसावं की रडावं कळेना.

"बी संपलंय, साहेब. बोंडं धरेपर्यंत थांबावं लागेल. उगवायला त्यापुढे एक पाऊस."

"बाजारातून आणा की."

"हे कुठल्याही बाजारात मिळत नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला. जणू अडवणूक तीच करत होती. "बरं. मग तोवर?"

"तोवर चटई काढायची आणि उतार उकरून ठेवायचा. त्यासाठी मला माझे दोन्ही ड्रायव्हर पाहिजेत. माझा दीर फाटकावर नको."

बऱ्याच घासाघिशीनंतर ते कबूल झाले. दीर मशीनवर परत आला, दगड ओढून आणायला. उकरायचं काम वाकड्याचं. रस्त्याकडची सगळी बाजू महिन्याभरात खड्ड्याखळग्यांची, उघडीबोडकी होऊन बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. एकदा किराणा दुकानात सामान घेताना दुकानदार तिला म्हणाला, "ताई, रागावू नका, पण आधी कसं हिरवंगार दिसत होतं. ते उकरून काय मिळवलंत? सगळी शोभा घालवलीत."

तिने सांगायला तोंड उघडलं. पांघरूण, मुळं, ओल, आंबट पाणी. मागे माणसं ताटकळली होती. दुकानदाराचं लक्ष वजनाच्या काट्याकडे होतं.

"पुढच्या पावसानंतर बघा," ती एवढंच म्हणाली.

"म्हणजे परत हिरवं होईल?"

"नाही," तिने पिशवी उचलली. "राखाडी होईल."

आणि तो चकित होऊन बघत असतानाच ती बाहेर पडली. सासूबाईंनी बोंडं चोळायला नवे हातमोजे आणायला सांगितले होते, आणि हातमोज्यांचं दुकान बंद व्हायच्या आत तिला गाठायचं होतं.